आकड्यांवरून मराठी मजकूर लिहिणारी प्रणाली कशी बांधावी

हवामानाच्या नोंदींवरून संगणकाने चार ओळींचा वृत्तान्त लिहावा, असे काम आले की बहुतेक जण आधी साचा लिहायला घेतात: ‘आज [घटना] झाला.’ ‘पाऊस’ आला तर निभावते, ‘गारपीट’ आली की वाक्य मोडते. साचा शेवटी करायचा. आधी काय सांगायचे ते ठरवा.

२४ तासांच्या २४ तापमानांतून वाचकाला कमाल, किमान आणि कालच्यापेक्षा पडलेला फरक एवढेच हवे असते. किती अंशांच्या फरकाला ‘वाढ’ म्हणायचे, हे मनाने ठरवू नका. जाणकारांनी लिहिलेले ५०-६० वृत्तान्त मूळ आकड्यांशेजारी मांडा, सीमा तिथेच सापडते. रिकामी नोंद आणि शून्य कटाक्षाने वेगळे ठेवा. पर्जन्यमापक बंद असताना रिकाम्या जागी ० भरला गेला, तर प्रणाली बिनदिक्कत ‘पाऊस पडला नाही’ असे लिहिते.

वेळेच्या शब्दांनाही आकडे बांधून द्या. हवामान अंदाजांच्या इंग्रजी मजकुरावर झालेल्या संशोधनात ‘संध्याकाळपर्यंत’ या अर्थाचा शब्दप्रयोग एका अंदाजकाराने १८ वाजण्यासाठी, तर दुसऱ्याने मध्यरात्रीसाठी वापरलेला आढळला. शंका असेल तिथे सरळ तास लिहा.

आता व्याकरण, आणि मराठीत खरी मेहनत इथेच आहे. शब्दाला नुसता प्रत्यय चिकटवला की ‘वाराचा वेग’, ‘पाऊसमुळे’ असले प्रकार बाहेर पडतात. म्हणून कोशात प्रत्येक नामाच्या पाच गोष्टी नोंदवा: लिंग, एकवचन, अनेकवचन आणि दोन्ही वचनांची सामान्यरूपे. उदाहरणार्थ: पुल्लिंग, वारा, वारे, वाऱ्या-, वाऱ्यां-. प्रत्यय नेहमी सामान्यरूपालाच लावायचा. विषय मर्यादित असेल तर दोन-तीनशे नामे हाताने भरणे नियम लिहीत बसण्यापेक्षा लवकर होते आणि चुकाही कमी राहतात.

क्रियापद कोणामागे जाते तेही प्रणालीला सांगावे लागते. ‘वाऱ्याने झाड पाडले’, पण ‘वाऱ्याने भिंत पाडली’: कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद कर्माचे लिंग घेते. कर्मालाही ‘ला’ लागला तर ते नपुंसकलिंगी एकवचनी होते. भिन्न लिंगांची दोन नामे एका क्रियापदाला जुंपू नका. ‘पाऊस पडला आणि गारपीटही झाली’ असे दोन क्रियापदांचे वाक्य कानालाही बरे लागते. आकड्यामागचे नामही वचनाप्रमाणे बदला: ‘१ अंशाने’, ‘३ अंशांनी’.

शेवटची वाक्यरचना मोठ्या भाषा-मॉडेलकडे सोपवता येते, मजकूर ओघवता होतो. मात्र निवडलेले मुद्देच त्याला द्या, अख्खा तक्ता नको. बाहेर आलेल्या मजकुरातला प्रत्येक आकडा काढून मूळ नोंदीशी आपोआप ताडून पाहा. तेवढ्यानेही भागत नाही. नोंद १२ मिलिमीटरची आणि मजकुरात ‘मुसळधार’. आकडा बरोबर, विशेषण पदरचे. त्यामुळे चालणाऱ्या विशेषणांची यादी करा, बाहेरचे आले की वाक्य परत पाठवा.

तपासणी ‘ब्लू’ गुणांवर सोडू नका. २००२ साली यंत्रानुवादासाठी मांडलेली ही पद्धत माणसाच्या मजकुराशी किती शब्द आणि लगतच्या दोन ते चार शब्दांचे गट जुळतात ते मोजते. ‘पावसाने’ आणि ‘पावसामुळे’ हे तिच्या लेखी पूर्ण वेगळे शब्द. मराठीतला मोकळा शब्दक्रमही तिथे गुण कापतो, आणि ‘पडला’च्या जागी ‘पडला नाही’ आले तरी फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा दोन वाचकांना किमान ५० वृत्तान्त द्या. आधी फक्त भाषेच्या चुका खुणवायला सांगा, मग आकडे समोर ठेवून खरे-खोटे तपासायला. हा क्रम उलटा केला तर आकड्यांच्या नादात भाषेच्या चुका निसटतात. प्रत्येक खुणेपुढे चूक निवडीतली, शब्दांतली की व्याकरणातली ते लिहा. दुरुस्तीही त्याच टप्प्यात करा, शेवटच्या मजकुरावर ठिगळ लावून नव्हे.