ज्यूरी ड्यूटीचं समन्स आलंय? खोलीचं दार लागल्यावर या चुका टाळा

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की आज ना उद्या काउंटी कोर्टाचं ते पत्र, ज्यूरीत म्हणजे खटल्याचा कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात बसायला बोलावणारं, घरी येतंच. त्यावर आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातून सुटायचं कसं? त्याचे सल्ले व्हॉट्सअ‍ॅपवर पोत्याने मिळतात, ते तिथेच बघा. इथे बोलायचंय ते निवड झाल्यानंतरचं. साक्षीपुरावे संपले, जज्जसाहेबांच्या सूचना ऐकून झाल्या, बारा अनोळखी माणसं एका टेबलाभोवती बसली आणि बेलिफने (कोर्टाच्या कर्मचाऱ्याने) दार ओढून घेतलं, तिथून पुढचं.

मराठी माणसाला ज्यूरी हा शब्द माहीत झाला तो टिळकांमुळे. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ‘केसरी’तले लेख मराठीत होते आणि ते तोलणाऱ्या नऊ जणांत सात युरोपीय आणि दोन पारशी. मराठी शब्दांचा हेतू भाषांतरावरून ठरला. निकाल लागला सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं. त्यांच्या १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यातही सहा युरोपीय एका बाजूला आणि तीन हिंदी दुसऱ्या बाजूला, असाच कौल पडला होता. ही गोष्ट आपण लहानपणापासून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून वाचली. समन्स हातात पडलं की जागा बदलते. आता त्या सातांच्या बाकावर आपण बसणार असतो.

बसल्याबसल्या हात वर करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फोरमन, म्हणजे ज्यूरीचा म्होरक्या, ठरतो न ठरतो तोच कुणीतरी म्हणतं, “एकदा हात वर करून बघू या, सगळ्यांचं एकच असेल तर जेवणाआधी घरी.” ऐकायला किती सोयीचं! पण शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५० च्या दशकात खऱ्या ज्यूरींचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं ते असं: पहिल्या मतदानात ज्या बाजूला बहुमत, दहापैकी साधारण नऊ खटल्यांत शेवटचा निकालही त्याच बाजूचा. हात एकदा वर गेला की माणूस पुराव्याचा विचार सोडतो आणि आपल्या हाताची वकिली सुरू करतो. शिवाय उरलेले दोघंतिघं मोजले जातात, त्यांच्याकडे माना वळतात आणि चर्चेचा सूर “तुम्ही का आडवे येताय?” असा होतो.

यावर उपाय आहे, आणि तो फोरमनच नव्हे, कुणीही सुचवू शकतं. आधी जज्जनी दिलेल्या सूचना काढा. गुन्हा शाबीत व्हायला कोणत्या कोणत्या गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात, ते फळ्यावर लिहा. मग एकेका गोष्टीखाली कोणता पुरावा येतो, कोणता साक्षीदार काय म्हणाला, उलटतपासणीत काय निघालं, तेवढंच बोला. मतदान त्यानंतर, आणि तेही चिठ्ठ्यांवर. वेळ जास्त जातो, हे खरं. पण समोरच्याच्या आयुष्यातली काही वर्षं त्या चिठ्ठ्यांवर असतात.

अनुभवाच्या वेषात आलेला पूर्वग्रह

“मला अमुक लोक आवडत नाहीत” असं त्या खोलीत सहसा कुणी म्हणत नाही. म्हणतात ते वेगळं: “मी या भागात तीस वर्षं काढली, मला ठाऊक आहे ही मंडळी कशी असतात.” कोलोरॅडोतल्या एका खटल्यात नेमकं हेच घडलं. पूर्वी पोलिसात काम केलेला एक ज्यूरर आपल्या अनुभवाचा दाखला देऊन म्हणाला की आरोपी मेक्सिकन आहे, म्हणजे त्याने केलंच असणार. आरोपीच्या बाजूच्या साक्षीदाराला त्याने बेकायदा स्थलांतरित ठरवून मोडीत काढलं. त्या साक्षीदाराने आपण कायदेशीर रहिवासी असल्याचं साक्षीतच सांगितलं होतं. दोन ज्यूररनी ही गोष्ट आरोपीच्या वकिलाला सांगितली, पण निकाल लागून गेल्यावर. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी ठरलं की वांशिक आकसावरून कुणाला दोषी ठरवल्याचं असं स्पष्ट बोलणं उघड झालं, तर खोलीतली चर्चा गुप्त ठेवण्याचा जुना नियम आड येऊ नये.

ही पळवाट फार अरुंद आहे. म्हणून असं काही कानावर आलं तर निकालानंतर हळहळत बसू नका. तिथल्या तिथे दोन गोष्टी करता येतात. पहिली, त्या माणसाला वंशद्वेष्टा म्हणू नका. शिक्का बसला की तो हट्टाला पेटतो आणि त्याचा मित्रही त्याच्या बाजूने उभा राहतो. शांतपणे एवढंच विचारा, “हे कुठल्या साक्षीदाराने सांगितलं?” कुणीच सांगितलेलं नसतं, आणि ते सगळ्यांसमोर उघडं पडतं. दुसरी, तरीही गाडी त्याच रुळावर राहिली तर कागदावर लिहून बेलिफमार्फत जज्जना कळवा. त्यासाठी फोरमनची परवानगी लागत नाही.

आता जरा आपल्याकडे. आडनावावरून माणसाचा अख्खा पत्ता लावायची सवय आपण इमिग्रेशनच्या रांगेत सोडून आलेलो नाही. “चांगल्या घरातला वाटतो”, “हातभर टॅटू, दुसरं काय असणार”, “त्या वस्तीतला म्हणजे…” ही वाक्यं तोंडातून निघत नसली तरी मनात फिरत असतात. स्वतःची परीक्षा घ्यायची तर आरोपीच्या जागी गणपतीच्या कार्यक्रमात भेटणारा एखादा ओळखीचा मुलगा बसवा. पुरावा तोच ठेवा. शंका अचानक वाढल्या, तर त्या आधी कुठे होत्या?

भीड

ही माझी चूक, म्हणून थोडं सविस्तर. काही वर्षांपूर्वी मी एका चोरीच्या खटल्यात ज्यूरर होतो. साक्षीदार म्हणाला होता, अंधार पडला होता. पुराव्यात आलेली दुकानाची पावती मात्र दुपारी साडेचारची, तीही जून महिन्यातली. मी ते वहीत टिपलं आणि दीड दिवस गप्प बसलो. माझे उच्चार, माझं नवखेपण, बाकीचे किती सराईतपणे बोलतायत! दुसऱ्या दिवशी एका निवृत्त बस-ड्रायव्हर बाईंनी तीच गोष्ट खणखणीत आवाजात मांडली आणि चर्चेचा रोख बदलला. त्यांच्या लक्षात आलं नसतं तर? भीड भिकेची बहीण म्हणतात, पण इथे भिकेला लागणार होता तो दुसराच कुणी. नीट वाक्य जुळवत बसण्यापेक्षा वही उघडून “साडेचार, जून” एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

कहाणीवर भाळणं

पुरावा सुटा सुटा येतो, डोक्यात मात्र त्याची कहाणी होते, आणि मग कहाणीत न बसणारा पुरावा गळून पडतो. मुंबईचा १९५९ चा नानावटी खटला आठवा. पांढऱ्या गणवेशातला नौदल अधिकारी, पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेला दुखावलेला नवरा, त्याच्यामागे उभं राहिलेलं ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष म्हटलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हा भारतातला शेवटचा ज्यूरी खटला, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे, ज्यूरी त्यानंतरही काही वर्षं चालू होती. आणि सगळं खापर वर्तमानपत्रावर फोडणंही मला पटत नाही. न्यायाधीशांनीच ज्यूरीला कायदा समजावून सांगताना चुका केल्या होत्या, असं उच्च न्यायालयाने म्हटलं. सिद्ध कुणी आणि काय करायचं, हेच धड कळलेलं नसेल तर माणूस कहाणीच धरणार. म्हणून सूचनांतला एखादा शब्द कळला नाही तर अंदाज बांधू नका, जज्जना लिहून विचारा.

गूगल मात्र करू नका. आरोपीचं नाव नाही, चौकाचा नकाशा नाही, औषधाचं नावही नाही. इंग्लंडमध्ये तर २०१५ पासून ज्यूररने खटल्याबद्दल स्वतः शोधाशोध करणं हाच गुन्हा आहे.

अकरा विरुद्ध एक झालं तर

इंग्लंडमध्ये १९६७ पासून दहा विरुद्ध दोनचा कौल चालू शकतो. अमेरिकेत गंभीर गुन्ह्याला एकमत लागतं, २०२० पासून सगळ्याच राज्यांत.

एकटे तुम्ही असाल तर आधी स्वतःला विचारा की अडलंय ते पुराव्यात की अहंकारात. पुराव्यात असेल तर “मला पटत नाही” एवढ्यावर थांबू नका, कुठे पटत नाही ते बोट ठेवून दाखवा आणि ती साक्ष पुन्हा वाचून दाखवण्याची विनंती करा. एक जरी सोबती मिळाला तर चित्र पालटतं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या रेषांची लांबी ओळखण्याच्या प्रयोगांत गटाच्या दबावाखाली डोळ्यांना दिसणारं उत्तर नाकारणारी माणसं, एकजण खरं बोलल्यावर भराभर खरं बोलू लागली होती.

तुम्ही अकरांत असाल तर त्या एकाला घेरून एकाच वेळी बोलू नका. त्याचा मुद्दा त्याच्याच शब्दांत परत सांगून दाखवा. तो म्हणाला “हो, हेच म्हणतोय मी”, की मग उत्तर द्या. थकवून मिळवलेला होकार निकालानंतर एकेका ज्यूररला विचारलं जातं तेव्हा कोर्टातच फिरू शकतो.

तरीही नाहीच जमलं, तर जज्जना चिठ्ठी पाठवा. बहुधा ते पुन्हा प्रयत्न करायला सांगतील. १८९६ च्या एका निकालापासून तशी सूचना देण्याची पद्धत आहे. त्यात प्रामाणिक मत सोडा, असं कुणी सांगत नाही. चिठ्ठीत मतांचा आकडा लिहू नका, कोण कुठल्या बाजूला तेही नको. “एकमत होत नाही”, तारीख, वेळ आणि सही, बस.