पीअर ट्यूटर झालात ना, मग आधी मेलचं बघा

पीअर ट्यूटर, म्हणजे ज्युनियरांना शिकवणारा सीनियर विद्यार्थी, म्हणून लिस्टमध्ये नाव लागलं की सगळे पहिले विषयाची उजळणी काढून बसतात, स्टॅटिस्टिक्स, अकाउंट्स, थर्मो जे काय असेल ते, आणि मेल काय, येतोच की लिहिता, म्हणून ते सोडून देतात. सेमिस्टर सुरू झाल्यावर कळतं की शिकवण्याच्या बरोबरीने वेळ लिहिण्यातच जातोय. वेळ ठरवा, वेळ बदला, कोणाला नाही म्हणा, सरांना विचारा, ऑफिसला कळवा. बडोद्यात नव्या ट्यूटर मंडळींना मी हे सगळं तोंडी सांगत असते आणि दर बॅचला प्रश्न तेच असतात, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. माझा आग्रह एकच आहे, तुमचा मेल वाचून समोरच्याला उलटा प्रश्न विचारायची वेळ येऊ नये. बाकी ग्रामर, भारी शब्द वगैरे मागाहून.

आणि हो, आपण ना प्रोफेसर ना बाकावरचे दोस्त, मधलेच कोणीतरी. त्यामुळे "काय रे येतोयस ना" हे मेलमध्ये फार सैल वाटतं आणि "यू आर हियरबाय इन्फॉर्म्ड" हे नोटीस बोर्डावरच शोभतं. थोडी मोठी बहीण किंवा दादा ज्या सुरात बोलेल तो सूर धरा, जमतो.

सुरुवात ज्युनियरांच्या मेलपासून करू, कारण सगळ्यात जास्त तेच येतात. आमच्या सयाजीराव युनिव्हर्सिटीत शिकवणं इंग्रजीतून चालतं आणि फर्स्ट इयरला येणारी कितीतरी मुलं गुजराती मीडियमची असतात, थोडी हिंदी-मराठीचीही. त्यांना इंग्रजीत मेल लिहायचा म्हटलं की घाम फुटतो. मग मेल असा येतो, सब्जेक्ट रिकामा, आत एक ओळ, "सर हेल्प प्लीज एक्झाम मंडे", खाली नाव नाही, आयडी शाळेत असताना काढलेली काहीतरी कूलबॉय टाइप, आणि तुम्ही मुलगी असलात तरी तुम्ही सरच. ह्याच्यावर हसायचं नाही आणि स्क्रीनशॉट काढून ट्यूटर ग्रुपवर तर अजिबातच टाकायचा नाही. त्या पोराने हा एवढा मेल पाठवायला किती वेळ घालवला असेल कोण जाणे. उत्तर साधारण असं द्या (जाईल इंग्रजीत, पण मजकूर कळावा म्हणून इथे मराठीत लिहिते):

"विषय: सोमवारचा स्टॅट्सचा पेपर, शुक्रवारी ४ वाजता भेटू या का?

हाय, मेल केलास ते बरं केलंस. फर्स्ट इयरचं स्टॅट्स मीच घेते. शुक्रवारी, ८ तारखेला, ४ ते ५ मी मोकळी आहे, हंसा मेहता लायब्ररीच्या मुख्य दाराबाहेर भेटू. चालत असेल तर नुसतं हो लिही, नसेल तर शनिवारी, ९ तारखेला, सकाळी ११ वाजता बघू. जिथे अडलंय ती दोन गणितं वहीसकट घेऊन ये. खाली तुझं नाव आणि डिव्हिजन लिही म्हणजे लिस्टमध्ये सापडशील. गुजरातीत लिहिलंस तरी मला कळतं."

बघा, रिकामा सब्जेक्ट आपणच भरला, आणि त्याला हो एवढं आणि नाव लिहिलं की काम झालं. "तुला कधी जमेल?" असं मोकळं सोडलं असतं तर तो बिचारा दोन दिवस विचार करत बसला असता, मग "एनी टाइम" लिहिलं असतं, मग परत आपण. त्याचं इंग्रजी आपण सुधारलं नाही हेही बघा. ते त्याने मागितलंच नव्हतं. शेवटच्या ओळीचा फार उपयोग होतो, पुढचा मेल रोमन लिपीतल्या गुजरातीत येतो आणि पहिल्यांदा नीट कळतं की नक्की अडलंय कुठे.

आता नावांचं. अटेंडन्सच्या एक्सेलमध्ये आपल्याकडे आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. नवा ट्यूटर पहिला शब्द उचलतो आणि मेल जातो "हाय पटेल". अख्ख्या वर्गात पटेल किती, मोजा! मधला शब्द घ्यायचा. मुलींच्या बाबतीत तर हमखास घोळ होतो, शेवटचा शब्द वडिलांचं नाव असतं आणि एखादी बिचारी "डियर महेशभाई" म्हणून मेल वाचते. एक मिनिट लागतं बघायला, बघा. आणि ऑफिसातल्या लोकांना लिहिताना इथे भाई, बेन लावतातच, मेलमध्येसुद्धा. "डियर किरीट" म्हटलं तर वयाने वडिलांएवढ्या माणसाला ते टोचतं, "डियर किरीटभाई" अगदी बरोबर. आपल्या मराठी मुलांना तोंडी काका म्हणायची सवय असते, समोर म्हणा खुशाल, पण मेलमध्ये काका नको, तो मेल पुढे कोणाकडे फॉरवर्ड होईल सांगता येत नाही. प्रोफेसरांना रिस्पेक्टेड सर किंवा मॅडम, उगाच परदेशी स्टाइलने पहिल्या नावाने हाक मारायला जाऊ नका, इथे ते अजून कोणाच्या पचनी पडत नाही.

वेळ आणि जागा लिहिताना कंजुषी नको. रात्री साडेबाराला लिहिलेल्या मेलमधलं "उद्या" म्हणजे कुठला दिवस? वार आणि तारीख दोन्ही लिहा. "मेन बिल्डिंगपाशी ये" म्हणाल तर टेक्नॉलॉजीचा मुलगा कलाभवनात, म्हणजे त्याच्या फॅकल्टीच्या इमारतीत, उभा राहील आणि तुम्ही आर्ट्सच्या घुमटाखाली, दोघं एकमेकांना फोन लावत. "कमाटीबागेच्या गेटवर" तसंच, कुठल्या गेटवर ते लिहा.

सगळ्यात अवघड मेल कुठला, तर नाही म्हणायचा. "दीदी असाइनमेंट उद्या सबमिट करायचीय, फक्त दोन प्रश्न करून दे ना", हे येणारच, आणि लिहिणारा दांडिया बाजारातला, म्हणजे आपल्या मराठी वस्तीतला, तुमच्या ओळखीतला असला तर फोनही येणार. बरेचजण इथे दोन पॅराग्राफ सॉरी लिहितात, मग आपल्या स्वतःच्या परीक्षा किती जवळ आल्यायत ते सांगतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हिला वेळ नाही एवढंच, आग्रह केला तर करेल. नकार पहिल्या वाक्यात द्या आणि कारण खरं सांगा. "प्रश्न लिहून देणं मला जमणार नाही, ट्यूटरिंगमध्ये ते चालत नाही. पहिला प्रश्न तुला येईल तसा सोडवून आण, चुकला तरी हरकत नाही, उद्या, मंगळवारी १२ तारखेला, सकाळी १० वाजता अर्धा तास बसून कुठे अडतंय ते बघू." झालं. कॉपी करणं कसं वाईट ह्यावर प्रवचन नको, ते त्याला माहीत असतं. हेच बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झालं असेल तर "मेलवर टाक, तिथे उत्तर देते" एवढं लिहून मेलवर या, कारण उद्या कोणी म्हणालं की ट्यूटरनेच लिहून दिलं, तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी हवं. व्हॉट्सअ‍ॅप "पोचले, बाहेर उभी आहे" एवढ्यापुरतं ठीक.

प्रोफेसरांच्या मेलला एक मेल एक काम. रूम पाहिजे, हजेरीचं विचारायचंय आणि मागच्या महिन्याचं मानधन आलं नाही, हे तिन्ही एकाच मेलमध्ये घातलं तर पहिल्याचं उत्तर येतं आणि बाकीचं राहून जातं. प्रश्न असा विचारा की मोबाइलवर, दोन लेक्चरच्या मध्ये, एका ओळीत उत्तर देता येईल. "रूमचं काय करायचं?" नको, "रूम १२ बुधवारी, १३ तारखेला, ३ ते ५ मिळू शकेल का, नसेल तर आम्ही लायब्ररीत बसतो" असं. आणि ते "काइंडली डू द नीडफुल" कृपा करून सोडा, नीडफुल म्हणजे काय तेच तर समोरच्याला कळत नसतं. उत्तर नाही आलं तर तीन-चार वर्किंग डेनंतर त्याच थ्रेडवर छोटं रिमाइंडर, नवा मेल नाही, आणि लगेच डीनना सीसीत घालायचं तर नाहीच नाही. आपल्याला ती साधी माहिती वाटते, सरांना ती तक्रार वाटते. वर्गात सोडवलेलं गणित चुकलंय असं ज्युनियर म्हणत असेल तर सरांना पान नंबर आणि फोटो पाठवून "इथे चिन्ह बदललंय असं मला दिसतंय, मी मुलांना काय सांगू?" असं विचारा, मुलाचं नाव न घालता.

नावावरून आठवलं, प्रायव्हसी. ग्रुपला मेल करताना सगळे पत्ते बीसीसीत टाका (तिथले पत्ते बाकीच्यांना दिसत नाहीत), रीटेस्टवाल्यांना मेल असेल तर जास्तच, नाहीतर कोण नापास झालंय ती यादी आपणच वाटल्यासारखं होतं. मार्क सब्जेक्ट लाइनमध्ये कधी लिहू नका, लॉक असलेल्या फोनवरही ती ओळ दिसते. आणि बडोद्यातलं मराठी जग केवढं ते आपल्याला माहीत आहे, गणपतीच्या मांडवात एखादी काकू सहज विचारते, "आमचा येतो ना गं तुझ्याकडे, कसं काय चाललंय?" हसून "त्यालाच विचारा ना काकू" म्हणायचं. पालकांचा मेल आला तरी तेच, नम्रपणे लिहा की ह्याबद्दल मुलाशीच बोललेलं बरं, आणि त्या मेलबद्दल ट्यूटरिंगचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरना कळवा.

टेक्निकल गोष्टी पटकन सांगते. जीमेलवर २५ एमबीच्या वरची अटॅचमेंट जात नाही, ड्राइव्हची लिंक जाते, पण लिंकचा अ‍ॅक्सेस उघडा ठेवलाय का ते दुसऱ्या आयडीवरून बघा, नाहीतर रात्रभर अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट येत बसतात. सेटिंगमध्ये अनडू सेंड, म्हणजे पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत, ३० सेकंदांवर ठेवा. टू मधला पत्ता सगळ्यात शेवटी भरा. रात्री दोनला लिहिलेला मेल शेड्यूल करून सकाळी आठला पाठवा, ज्युनियरला वाटतं आपणही रात्री दोनला उत्तर द्यायला हवं.

नवरात्रात सकाळी ९ चं सेशन ठेवू नका, कोणी येत नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हीही येणार नाही. आधीच्या आठवड्यात मेल टाका की हे नऊ दिवस सेशन दुपारी. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, १४ आणि १५ जानेवारी दोन्ही दिवस पतंग उडवत गच्चीवर असणार, तर ऑटो रिप्लाय लावा, त्यात परत कधी भेटाल ती तारीख आणि तोवर कोणाला विचारायचं ते लिहा.

एक मेल मात्र वेगळा. अभ्यासाबद्दल लिहितालिहिता कोणी "आता कशातच अर्थ वाटत नाही" असं काही लिहिलं तर तिथे सेशनची वेळ देत बसू नका. त्याच दिवशी, जमलं तर फोनच करा. मेल छोटा ठेवा, वाचलं, तुझी काळजी वाटतेय, आत्ता बोलू शकतोस का. कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, कारण कोऑर्डिनेटरना किंवा काउन्सेलरना सांगावं लागेलच, आणि तसं त्याला सांगा. टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, तो मेलमध्ये लिहा. जिवाचं काही बरंवाईट करेल असं वाटलं तर त्याला एकटं सोडू नका, हॉस्टेल वॉर्डन किंवा घरचं कोणी लगेच गाठा.

सेमिस्टर संपताना नव्या ट्यूटरला एक हँडओव्हर मेल टाका, कुठल्या मुलांची कुठली टॉपिक्स राहिलीत, कुठली रूम मिळते, चावी कोणाकडे असते. ड्राइव्हचे फोल्डर तुमच्या कॉलेज आयडीवर असतील तर ती आयडी चालू आहे तोवरच त्यांची कॉपी नव्या ट्यूटरकडे द्या, आणि ऑटो रिप्लाय लावलेला असेल तर तो काढा.