हट्टी मूल की थकलेले पालक? प्रश्नावली कशी भरून घ्यावी आणि कशी वाचावी

“फार हट्टी झालाय, ऐकतच नाही,” एवढ्या तक्रारीवरून मुलाबद्दल काही ठरवता येत नाही. वागणं किती वेळा घडतं हा एक प्रश्न, आणि घरच्यांना ते किती जड जातं हा दुसरा. मुलाच्या वागण्याबद्दल पालकांनी भरायची आयबर्ग प्रश्नावली (आयबर्ग चाइल्ड बिहेवियर इन्व्हेंटरी, ईसीबीआय) हे दोन्ही वेगवेगळे विचारते, म्हणून उलट बोलणं, आदळआपट, मारामारी अशा तक्रारींत सुरुवात तिच्यापासून करावी. वयोगट २ ते १६, विधानं ३६, भरायला दहाएक मिनिटं.

प्रत्येक विधानापुढे पालक १ (कधीच नाही) ते ७ (नेहमी) यांतला एक आकडा निवडतात आणि ‘याचा तुम्हाला त्रास वाटतो का?’ याला हो किंवा नाही म्हणतात. आकड्यांची बेरीज म्हणजे तीव्रता, ३६ ते २५२. ‘हो’ मोजले की समस्या, ० ते ३६. तीव्रता १३१च्या पुढे किंवा समस्या १५ वा जास्त असेल, तर सविस्तर तपासणी हवी. या रेषा अमेरिकेतल्या मुलांवरून आखल्या आहेत. दोन-चार गुणांच्या फरकावर डोळे मिटून निर्णय घेऊ नका.

आई आणि वडील यांना कागद वेगळे द्या. शेजारी बसवून एकच भरून घेतला, तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत हाती येतं. वाचता न येणाऱ्यांना विधानं वाचून दाखवा, पण उदाहरणं देऊ नका. उदाहरण दिलं की उत्तर त्याच्याकडे झुकतं. पालक उठण्याआधी कागद तपासा. हो-नाहीचा रकाना हमखास सुटतो, नाहीतर मोठ्या आकड्यापुढे सवयीने ‘हो’ पडतो. तीनपर्यंत उत्तरं राहिली तर तिथे १ आणि ‘नाही’ धरतात. चार राहिली तर बेरीज करूच नये.

खरी माहिती दोन बेरजांच्या तफावतीत असते. समजा, तीव्रता १४८ आणि समस्या ६. म्हणजे मूल दिवसभर धुमाकूळ घालतंय आणि घर त्याला सरावलंय, किंवा मोकळेपणाने ‘त्रास होतो’ म्हणायला पालक कचरतायत. उलट तीव्रता १०४, समस्या २१ असेल, तर वागणं चारचौघांसारखंच आहे; पालक थकलेत, खचलेत किंवा तीन वर्षांच्या मुलाकडून सात वर्षांच्या मुलाची शिस्त मागतायत. इथे मुलाला ‘सुधारण्या’आधी पालकांशी बोलावं लागतं. ‘हो’ आलेली विधानं एकेक घेऊन “शेवटचं कधी झालं, त्याआधी काय चाललं होतं, तुम्ही काय केलंत?” असं विचारा. बेरजेपेक्षा हे संभाषण जास्त कामाचं.

भावनिक बाजूही पाहायची असेल तर एसडीक्यू (स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर) ही दुसरी प्रश्नावली वापरा: २५ विधानं, प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण. पालकांच्या प्रतीत वर्तन-समस्यांचे ०-२ सर्वसाधारण, ३ सीमारेषेवर, ४ पासून पुढे जास्त. पंचविसांतली पाच विधानं उलटी मोजायची असतात (पूर्ण लागू पडलं तर २ ऐवजी ०) आणि ‘सांगितलेलं सहसा ऐकतो’ या अर्थाचं त्यांतलंच एक. ते सरळ मोजलं, तर ऐकणाऱ्या मुलाचे २ गुणांचे ४ होतात आणि ते थेट वरच्या गटात जाऊन बसतं. चूक इतकी सहज होते की बेरीज दोनदा करावी.

शिक्षकांचा कागदही मागवा. तो पालकांच्या कागदाशी जुळेलच असं नाही, म्हणून कोणी खोटं बोलतंय असंही नाही. मूल शाळेत वेगळं वागू शकतं. प्रश्नावली निदान करत नाही. ऐकू कमी येणं, झोप अपुरी असणं, भाषा उशिरा येणं, घरातली भीती यांमुळेही गुण चढतात. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा, आग लावणं असं काही कळलं, तर बेरजेची वाट न पाहता बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा.

उपचार सुरू झाल्यावर तीच प्रत, त्याच पालकाकडून पुन्हा भरून घ्या. पहिल्यांदा आईने आणि नंतर वडिलांनी भरली, तर उतरलेल्या आकड्यात मुलाचा बदल किती आणि माणूस बदलल्याचा किती, हे सांगता येत नाही.