कोल्हापुरात कमी पैशात भुताचा पिक्चर काढायचाय? मग इटलीवाल्यांच्या अडचणी बघा

भुताचा पिक्चर म्हटलं की आपली पोरं आधी कॅमेरा कुठला, लेन्स भाड्यानं कितीला आणि ग्राफिक्स कोण करणार हेच बघतात. माझं म्हणणं आहे हे सगळं नंतर बघा. इटलीत 1950 नंतर जे हॉरर निघाले त्यातल्या बऱ्याच जणांकडं ना पैसा होता ना वेळ, तरी लोक ते आजही बघतात, कारण त्यांनी भीती कॅमेऱ्यापुढंच उभी केली. लाईट, धूर, आरसा, मेकअप, बस. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेराच स्वतः बनवला तिथं हे का जमू नये?

सगळ्यात भारी युक्ती आधी सांगतो. 1957 चा 'इ वांपिरी', कॅमेरा मारिओ बावाचा. त्यात एक बाई कट न मारता डोळ्यांदेखत म्हातारी होते. पिक्चर ब्लॅक अँड व्हाईट, सुरकुत्या लाल मेकअपनं काढलेल्या. लाल लाईटात त्या रेघा कातडीत मिसळून जातात, लाईट हिरवा केला की त्याच काळ्या होऊन वर येतात. हे मोबाईलवरपण होतंय. मंडप डेकोरेशनवाल्याकडनं रंग बदलणारे दोन पार लाईट (स्टेजवरचे गोल दिवे) घ्या (गणपती आणि लग्नसराई सोडून, तेव्हा मिळत नाहीत) आणि दोन्ही एकाच बाजूला, एकाच उंचीवर, अगदी चिकटून लावा, नाहीतर सावली सरकते आणि चोरी पकडली जाते. एक लाल, एक हिरवा. मोबाईलचा फोकस, एक्स्पोजर आणि व्हाईट बॅलन्स तिन्ही लॉक करा, मग एकानं लाल हळूहळू कमी करायचा आणि दुसऱ्यानं त्याच वेगानं हिरवा वाढवायचा. नंतर एडिटमध्ये रंग काढून टाका. रेघा लाल लिपस्टिकनं काढा, गुलाल किंवा कुंकू नको, डोळ्यात जातं. आणि फ्रेममध्ये दुसरं काही लाल ठेवू नका, साडीचा काठसुद्धा, कारण तोपण काळा पडणार.

ह्याच पिक्चरचं शूटिंग चालू असताना डायरेक्टर रिकार्दो फ्रेदा सोडून गेला आणि राहिलेलं बावानं पुरं केलं. म्हणून शॉट लिस्ट एकाच्या डोक्यात ठेवू नका, कागदावर लिहा आणि कॅमेरावाल्याकडं एक कॉपी द्या.

सेटचं टेन्शन घेऊ नका. 1965 मध्ये बावानं एक अख्खा परका ग्रह उभा केला तो आधीच्या कुठल्यातरी पिक्चरमधले प्लास्टिकचे दोन दगड, आरसे आणि धूर ह्यावर, त्यानं स्वतःच तसं सांगितलंय. आपल्याकडं पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुकं फुकट असतंय. फक्त किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडं आहे, परवानगी आधीच काढा, आणि लेन्सवर बाष्प धरतंय म्हणून कोरडी फडकी भरपूर न्या.

आवाजाला लोक सगळ्यात जास्त घाबरतात. इटलीत त्या काळात बहुतेक पिक्चर नंतर डब व्हायचे, नट आपापल्या भाषेत बोलायचे, आणि दारिओ अर्जेंतोनं 'सुस्पिरिया' (1977) करताना तर सेटवरच जोरात म्युझिक लावलं होतं. आपणपण तेच करूया. महाद्वार रोडजवळच्या जुन्या वाड्यात गाड्यांचे हॉर्न थांबायची वाट बघत बसाल तर रात्र जाईल. मोबाईलचा आवाज फक्त गाईडला, म्हणजे नंतर डब करताना ऐकायला ठेवा, संवाद पाठीवरून, अंधारातून, लांबून घ्या म्हणजे ओठ जुळवायची कटकट कमी, आणि नंतर गाद्या लावलेल्या खोलीत डब करा. हाड मोडल्याचा आवाज पाहिजे तर माईकजवळ ऊस मोडा, इतका खरा येतो की अंगावर काटा येतोय.

रक्तासाठी काकवी घ्या. आधीच गडद आणि घट्ट असते, लाल खायचा रंग आणि थोडं पाणी घातलं की वाळत आलेलं रक्त तयार. अर्जेंतोसारखं भडक लाल पाहिजे असेल तर काकवी नको, साखरेचा पाक करा. मुंग्या येणारच, त्यामुळं शॉट झाला की लगेच पुसायचं, आणि नटाचे एकसारखे दोन-तीन कपडे ठेवायचे.

आता गंभीर गोष्ट. 'कॅनिबल होलोकॉस्ट' (1980) नंतर त्याचा डायरेक्टर रुज्जेरो देओदातोवर खून केल्याचाच आरोप आला, नट जिवंत आहेत हे त्याला दाखवून द्यावं लागलं. पिक्चरमध्ये खांब आरपार घुसलेली दिसणारी बाई खरं तर सायकलच्या सीटवर बसली होती आणि तोंडात हलक्या लाकडाचा तुकडा धरला होता, हेपण समजावून सांगावं लागलं. म्हणून प्रत्येक मारधाडीच्या शॉटचं मेकिंग दुसऱ्या मोबाईलवर शूट करून ठेवा. रात्री रस्त्यावर कोयते घेऊन शूट असेल तर आधी पोलीस स्टेशनला लेखी कळवा, शेजाऱ्यांनापण. त्याच पिक्चरमध्ये जनावरं मात्र खरी मारली, आणि ते मला आजही माफ करावंसं वाटत नाही. आपल्याकडं शूटिंगला जनावर वापरायचं तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी लागते, आणि अर्जेंतोच्या 'फिनॉमिना'त चिंपांझी जेनिफर कॉनलीच्या बोटाला चावला होता हेपण लक्षात ठेवा. मांजर, घुबड जे काय असेल ते सावलीत आणि आवाजात दाखवा.

शेवटचं पैशाचं. बावाचा 'लिझा अँड द डेव्हिल' (1973) विकला जाईना तेव्हा निर्मात्यानं त्यात भूत उतरवायचे नवे सीन घुसवून 1975 मध्ये दुसऱ्याच नावानं लावला. तुमचा निर्माता मामा असो की मित्र, फायनल कट (एडिटचा शेवटचा शब्द) कुणाचा आणि नवे सीन घालायचा हक्क कुणाला हे स्टॅम्प पेपरवर शूटिंगच्या आधी लिहून घ्या.