ऑप्शनल अपडेट टाकायचं की थांबायचं? बटण दाबायच्या आधी एवढं बघून घ्या

विंडोज अपडेटचं पान उघडलं की कधीकधी एक जास्तीची ओळ दिसते, नावात प्रिव्ह्यू असं लिहिलेलं आणि शेजारी डाऊनलोड अँड इन्स्टॉल. बहुतेक लोक एक तर दिसलं की लगेच दाबतात, नाहीतर कायमचं दुर्लक्ष करतात. माझं म्हणणं असं की ऑप्शनल अपडेट दिसलं की स्वतःला एकच विचारायचं, हे जे दुरुस्त करतंय ते माझ्या मशीनवर खरंच बिघडलंय का? बिघडलं असेल तर नीट तयारी करून टाका, नसेल तर राहू द्या, काही अडत नाही.

पण त्याच्याही आधी, ते ऑप्शनलच आहे ना हे बघा, कारण इथे गल्लत झाली तर महागात पडते. सिक्युरिटी अपडेट ऑप्शनल नसतं, ते दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं आणि ते टाकायचंच, त्यात विचार करत बसायचं नाही. वॉनाक्राय नावाचा व्हायरस आठवतोय का, १२ मे २०१७ ला जगभर हॉस्पिटलं आणि ऑफिसं बंद पाडली होती त्याने, आणि ज्या भोकातून तो घुसला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच काढलं होतं, म्हणजे जवळजवळ दोन महिने हातात होते. म्हणून "मी अपडेट्स टाकतच नाही, मशीन मस्त चालतंय" असं कोणी म्हणालं की मला खरंच काळजी वाटते. थांबायचं ते फक्त ऑप्शनलसाठी, बाकी चालू ठेवा.

आता ऑप्शनलमध्ये पण सगळं एकसारखं नसतं. प्रिव्ह्यू असतं, ड्रायव्हर, म्हणजे आवाज, वायफाय, टचपॅड असे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, असतात आणि कधीकधी अख्खं नवीन व्हर्जन असतं, तिघांचा हिशोब वेगवेगळा.

प्रिव्ह्यूचं सोपं आहे. ते साधारण महिन्याच्या चौथ्या आठवड्यात येतं, डिसेंबरात सहसा येतच नाही, आणि त्यातल्या दुरुस्त्या पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारच्या अपडेटमध्ये आपोआप येतात. हे एकदा कळलं की डोक्यावरचं ओझं उतरतं बघा, कारण तुम्हाला ठरवायचंय ते फक्त आत्ता की दोनेक आठवड्यांनी. सोडून दिलं म्हणून कायमचं हुकलं असं काही होत नाही. मग आत्ताच का टाकायचं? एकच कारण, की झोपवलेला लॅपटॉप उठवल्यावर स्क्रीन काळीच राहते किंवा प्रिंटर गायब होतो असा काहीतरी त्रास तुम्हाला रोज होतोय आणि त्याची दुरुस्ती याच अपडेटमध्ये आहे. ते शोधायला अपडेटच्या नावात केबी आणि त्यापुढे सात आकडे असतात, तो नंबर सर्च करा, मायक्रोसॉफ्टचं पान मिळेल, त्यात काय काय दुरुस्त केलंय याची यादी असते आणि त्याच पानावर खाली नोन इश्यूज, म्हणजे त्या अपडेटच्या आधीच माहीत असलेल्या अडचणी, असतात. लोक वरची यादी वाचतात आणि खालची सोडतात, खरं तर खालची आधी वाचायला हवी. तुमचा प्रिंटर किंवा रोज वापरायचं एखादं सॉफ्टवेअर त्यात दिसलं तर विषय तिथेच संपला, थांबा.

ड्रायव्हरचं जरा निवांत सांगतो कारण गोंधळ इथेच जास्त होतो. हे अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ऑप्शनल अपडेट्स म्हणून लपलेले असतात, आत गेलं की कंपन्यांची नावं, आकडे आणि कसलेच अर्थ न लागणारे शब्द, आणि लोक सगळ्यांवर टिक मारून मोकळे होतात. तसं करू नका. हे ड्रायव्हर तिथे ठेवलेत ते मुख्यतः काही अडचण असेल तर उपयोगी पडावेत म्हणून. आवाज नीट येतोय, टचपॅड नीट चालतोय, तर त्यांच्या ड्रायव्हरला हात लावायची गरज नाही, आणि लॅपटॉपमध्ये तर हे भाग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलसाठी खास जुळवलेले असतात, त्यावर सर्वसाधारण ड्रायव्हर बसला की कधी बोटांचे जेश्चर जातात, कधी स्पीकरचा आवाज पत्र्यासारखा होतो. आणि तारखेवर तर अजिबात जाऊ नका. इंटेलच्या चिपसेट ड्रायव्हरवर १८ जुलै १९६८ अशी तारीख दिसते आणि माणूस घाबरतो की एवढं जुनं कसं काय. ती इंटेलच्या स्थापनेची तारीख आहे, मुद्दाम टाकलेली, म्हणजे लॅपटॉप कंपनीने स्वतःचा ड्रायव्हर दिला असेल तर तो नवा धरला जावा आणि इंटेलचा सर्वसाधारण त्याच्यावर बसू नये. विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ दिसते, तिथेही तोच हेतू. तेव्हा तारीख सोडा, व्हर्जन नंबर बघा, आणि तोही लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर तुमच्या मॉडेलखाली काय दिलंय त्याच्याशी ताडून बघा.

वायफायचा ड्रायव्हर टाकणार असाल तर एक काम आधी करा, आत्ता चालू असलेला ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. नवीन बिघडला तर नेट जाणार आणि नेट गेलं की जुना उतरवणार कुठून.

नावात फर्मवेअर किंवा बायोस, म्हणजे मशीन चालू करणारं आतलं मूळ सॉफ्टवेअर, असा शब्द असेल तर ते ऑप्शनल यादीत दिसलं तरी हलक्यात घेऊ नका. चार्जर लावा, मधे बंद करू नका, आणि बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की हाताशी ठेवा. हे शेवटचं मी अगदी आग्रहाने सांगतोय. खूप लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन आधीपासूनच चालू असतं आणि मालकाला पत्ताच नसतो, मग बायोस बदलला की मशीन चालू होताना निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागू शकते, आणि ती नसेल तर तुमचेच फोटो, तुमचीच कागदपत्रं तुम्हाला उघडता येत नाहीत, कोणीही काहीही करू शकत नाही. ती की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये डिव्हाइसेसखाली सापडते. आत्ताच लॉगिन करून बघा, आहे का, आणि कागदावर उतरवून ठेवा, त्याच लॅपटॉपमधल्या फाइलमध्ये नको. कंट्रोल पॅनलमध्ये बिटलॉकर दिसत असेल तर फर्मवेअर टाकायच्या आधी सस्पेंड प्रोटेक्शन, म्हणजे ते कुलूप तात्पुरतं थांबवणं, करता येतं, तेही करा.

अख्खं नवीन व्हर्जन आलं असेल, म्हणजे विंडोज ११ च्या २४एच२ सारखं काही, तर घाई नकोच. विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं अपडेट लोकांच्या लक्षात असेल, २ तारखेला बाहेर पडलं, ज्यांनी स्वतः जाऊन चेक फॉर अपडेट्स दाबलं त्यांना पहिलं मिळालं, आणि त्यातल्या काहींच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फाइली उडाल्या. मायक्रोसॉफ्टने चारच दिवसांत ते थांबवलं आणि १३ नोव्हेंबरला परत दिलं. प्रमाणाने फार थोडे लोक होते, पण ज्याचे फोटो गेले त्याला प्रमाण सांगून काय उपयोग. नवीन व्हर्जन महिना-दोन महिने थांबून घेतलं तरी चालतं, फक्त तुमच्या आत्ताच्या व्हर्जनचा सपोर्ट संपत नाहीये ना तेवढं बघा. सर्चमध्ये विनव्हर टाइप केलं की कुठलं व्हर्जन आहे ते कळतं.

बरं, ठरलं की टाकायचं. मग बॅकअप. ज्या फाइली गेल्या तर परत मिळणार नाहीत त्या बाहेरच्या डिस्कवर, आणि कॉपी झाल्यावर त्यातल्या दोनचार उघडून बघा, कारण न उघडलेला बॅकअप आहे की नाही हे कळतच नाही. क्लाउडला सिंक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, इकडे उडालं की तिकडेही उडतं, रिसायकल बिनमध्ये काही दिवस मिळतं तेवढंच. मग रिस्टोअर पॉइंट, सर्चमध्ये क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट टाइप करा, सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन बऱ्याचदा बंदच असतं, ते चालू करून एक पॉइंट बनवा आणि नाव द्या. याने तुमच्या फाइली वाचत नाहीत, फक्त सिस्टीम आणि ड्रायव्हर मागे जातात, दोन्ही कामं वेगळी आहेत. जागा किती आहे बघा, मोठ्या व्हर्जनला वीसेक जीबी मोकळी असलेली बरी.

वेळ तुम्ही ठरवा. उद्या सकाळी परीक्षा, इंटरव्ह्यू, मीटिंग असेल तर आज रात्री नाही, एवढा नियम पाळला तरी अर्धी डोकेदुखी जाते. ज्या दिवशी मशीन चारपाच तास नसलं तरी चालेल तो दिवस धरा. एका वेळी एकच टाका, रिस्टार्ट करा, वापरून बघा, मग दुसरं, म्हणजे बिघडलं तर कशाने ते कळेल. आणि विंडोज अपडेटच्या पानावर लेटेस्ट अपडेट्स लवकर मिळवायचा एक टॉगल असतो, तो चालू असेल तर ही अपडेट्स तुमच्याकडे इतरांच्या आधी येतात, कामाच्या मशीनवर तो बंदच ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हे सगळं सोडा आणि आयटीवाल्यांना विचारा.

मॅकवाल्यांनी टाइम मशीनने बॅकअप घ्या, लिनक्सवाल्यांनी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची आत्ताची प्रत. फोनवाल्यांनी जास्त विचार करा, कारण आयफोनवर अॅपल जुन्या व्हर्जनला मान्यता देणं थोड्या दिवसांत बंद करतं आणि मग मागे जायचा रस्ताच राहत नाही.

टाकून झाल्यावर लगेच आवाज, वायफाय, कॅमेरा, प्रिंट, आणि झाकण लावून परत उघडणं, एवढं तपासा. मग आठवडाभर लक्ष ठेवा, सर्चमध्ये रिलायबिलिटी टाइप केलं की एक आलेख उघडतो, कुठल्या दिवसापासून काय क्रॅश होतंय ते तारखेनुसार दिसतं, त्यात अपडेट कधी बसलं तेही दिसतं.

बिघडलंच तर ड्रायव्हरसाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये रोल बॅक, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत, प्रिव्ह्यूसाठी अपडेट हिस्टरीमध्ये जाऊन अनइन्स्टॉल अपडेट्स. विंडोज नीट चालू होत नसेल तर लॉगिनच्या स्क्रीनवर शिफ्ट दाबून रिस्टार्ट, आणि तिथपर्यंतही पोचत नसेल तर दोनतीनदा चालू होण्यात फसलं की ते स्वतःच रिकव्हरीत जातं, तिथे ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. हा रस्ता फोनमध्ये लिहून ठेवा, कारण लागेल तेव्हा लॅपटॉपवर शोधता येणार नाही. नवीन व्हर्जनवरून मागे जायला मात्र साधारण दहाच दिवस मिळतात, विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर असेपर्यंत, तेव्हा जागा करायची म्हणून ते फोल्डर पहिल्या आठवड्यात उडवू नका.