तडकलेली ग्रिल फेकू नका: जुन्या मसल कारचं प्लास्टिक घरी सांधताना

जुनी मसल कार (१९६०-७०च्या दशकांतली मोठ्या इंजिनाची अमेरिकन गाडी) घेतली की सगळं लक्ष इंजिन, गिअरबॉक्स आणि रंगाकडे जातं. ग्रिल (गाडीच्या तोंडावरची जाळी), पायाजवळची किक पॅनेलं, दारांची आतली पॅनेलं, सीटबेल्टची झाकणं यांच्याकडे कोणी बघत नाही. गाडी खोलायला घेतली की सगळ्यात आधी हातात तुटून येतं ते मात्र हेच. माझी गाडी १९६९ची कॅमॅरो आहे. तिची ग्रिल मी बाहेर काढली तेव्हा दोन्ही टोकांना स्क्रूच्या भोकांपासून निघालेले तडे होते आणि स्क्रू बसतो तो एक कान तर नुसता लोंबत होता. तीच ग्रिल आज गाडीवर आहे.

कॅमॅरो किंवा मस्टँगसाठी नवे बनवलेले भाग सहज मिळतात, मग जुनं कशाला सांधायचं, असं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर असं की कारखान्यातून गाडीबरोबर आलेला भाग जसा बसतो तसा नवा क्वचितच बसतो. नव्या भागाचं भोक जरा सरकलेलं असतं, कड जरा जाड असते, पृष्ठभागावरचा दाणा वेगळा असतो. शिवाय एएमसी जॅव्हलिन किंवा मर्क्युरी सायक्लोनसारखी कमी खपलेली गाडी असेल तर नवं मिळण्याची खात्रीच नाही. तिथे जुना भाग वाचवणं हाच मार्ग उरतो.

आधी प्लास्टिक ओळखा

बहुतेक दुरुस्त्या फसतात त्या इथेच. हाताला लागेल तो गोंद लावला जातो, वरून छान दिसतं, आणि दार चारदा आपटलं की चीर परत उघडते. प्रत्येक प्लास्टिकला वेगळी वागणूक लागते. हल्लीच्या गाड्यांच्या भागांवर मागच्या बाजूला साहित्याचं नाव कोरलेलं असतं, पण ही पद्धत नंतरची. १९६० आणि १९७०च्या दशकांतल्या भागांवर ते सहसा सापडत नाही, म्हणून आपणच तपासायचं.

पहिली चाचणी पाण्याची. भागाच्या मागच्या, न दिसणाऱ्या कडेवरून धारदार सुरीने नखाएवढी कात (पातळ ढलपी) काढा. तिच्यावर रंग असेल तर खरवडून टाका. ग्लासभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर पाण्याच्या ताणामुळे जड तुकडासुद्धा वर तरंगत राहतो आणि फसवतो. कात बोटाने पाण्याखाली दाबा, चिकटलेले बुडबुडे झटका आणि सोडा. बुडाली तर एबीएस (कडक, चिवट प्लास्टिकचा एक प्रकार) असण्याची शक्यता मोठी, कारण त्याची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, सुमारे १.०५ असते. वर आली तर पॉलिप्रॉपिलीन किंवा त्याचं भावंड पॉलिएथिलीन. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ च्या आसपास असते.

दुसरी चाचणी अ‍ॅसिटोनची. कानात घालायच्या कापसाच्या काडीचं टोक अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून मागच्या बाजूला दहा सेकंद दाबून धरा. एबीएस असेल तर जागा चिकट होते, चमक जाते आणि कापसावर प्लास्टिकचा रंग उतरतो. पॉलिप्रॉपिलीनला काहीच होत नाही, पुसलं की जागा होती तशीच. इथेही रंग आधी काढायला हवा, कारण अ‍ॅसिटोन रंगही विरघळवतं आणि कापूस काळा झाला म्हणजे एबीएसच, असा गैरसमज होतो. दोन्ही चाचण्या करा. भुकटी मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन कधी कधी बुडतं, ते या दुसऱ्या चाचणीत पकडलं जातं. जाळून वास घेण्याची चाचणीही लोक सांगतात. मी ती करत नाही आणि तुम्हीही करू नका, तो धूर फुप्फुसांत जायच्या लायकीचा नाही.

माझी ग्रिल एबीएस निघाली. मैत्रिणीच्या १९७०च्या चॅलेंजरच्या दाराच्या पॅनेलची कात मात्र लगेच वर आली. दोघींच्या गाड्या एकाच काळातल्या, तरी दुरुस्ती पूर्ण वेगळी. १९६८च्या पाँटिअ‍ॅक जीटीओचं ते प्रसिद्ध रंगीत नाक, एंड्युरा, हे तर लवचिक युरेथेन आहे. त्याला खाली दिलेल्यापैकी काहीही लावू नका, त्याची पुट्टीच वेगळी असते.

एबीएस: गोंद नको, त्याचंच प्लास्टिक वापरा

एबीएसमध्ये ब्युटाडाईन नावाचा रबरी घटक असतो. भागाला मार सोसण्याची ताकद तोच देतो. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन सगळ्यात आधी त्यालाच खातात. म्हणून उन्हाकडचा पृष्ठभाग ठिसूळ होतो आणि मागची बाजू अजून बऱ्या अवस्थेत असते. म्हणूनच खरं बळ मागून द्यायचं. पुढून फक्त चीर बुजवायची.

आधी धुणं. कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि मऊ ब्रश. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, दर वेळी स्वच्छ फडकं घ्या. जुन्या मालकाने वर्षानुवर्षं चमकवणारा सिलिकॉनचा फवारा मारलेला असतो. तो राहिला तर सांधा धरत नाही आणि रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात.

आता पेस्ट. एबीएसचे बारीक तुकडे काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरा, बुडतील इतकंच अ‍ॅसिटोन ओता, झाकण घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ढवळा. मधाइतकी दाट झाली की तयार. पातळ वाटली तर आणखी तुकडे टाका. तुकड्यांसाठी सगळ्यात उत्तम म्हणजे त्याच काळातल्या गाडीचा मोडका भाग. तो नसेल तर अमेरिकेत नळकामाला वापरतात तो काळा एबीएस पाइप चालतो, मात्र भरीव भिंतीचा घ्या, मधल्या थरात फेस असलेला नको. लेगोचे ठोकळेही एबीएसचेच असतात. थर्माकोलच्या पेल्यात पेस्ट कालवू नका, अ‍ॅसिटोनने तो पेलाच विरघळतो.

पेस्ट मुरेपर्यंत तड्याचं टोक शोधा. भाग दिव्यासमोर धरून अगदी हलकेच वाकवा. डोळ्याला जिथे चीर संपल्यासारखी वाटते, त्याच्या पुढे पांढुरकी, धाग्यासारखी बारीक रेघ सरकताना दिसेल. खरं टोक तिथे आहे. त्या रेघेच्या जरा पुढे दीड ते दोन मिलिमीटरचं भोक पाडा. टोकदार चिरेवर सगळा ताण एका बिंदूत एकवटतो, गोल भोकावर तो पसरतो आणि तडा पुढे धावत नाही. मी आधी बारीक सुईने खूण करते आणि ड्रिल हातानेच फिरवते. मशीनच्या वेगाने ठिसूळ प्लास्टिक चटकन टवका सोडतं.

मग मागच्या बाजूने चिरेवर इंग्रजी व्ही आकाराची खाच काढा, जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त खोल. त्रिकोणी कानस किंवा सुरीची पाठ पुरते. खाचेच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीपर्यंत १८० नंबरच्या सँडपेपरने खरबरीत करा.

इतक्या वर्षांत चिरेच्या कडा बहुतेकदा एकमेकींपासून सरकलेल्या असतात. त्यांना जबरदस्तीने जुळवू नका. केस वाळवायच्या ड्रायरने आजूबाजूचा भाग कोमट करा, हळूहळू जागेवर आणा आणि क्लॅम्पने धरा. क्लॅम्पखाली पॉलिएथिलीनच्या पिशवीचा तुकडा ठेवा, अ‍ॅसिटोनने तो चिकटत नाही. भाग वर्तमानपत्रावर किंवा फडक्यावर पालथा ठेवू नका. अ‍ॅसिटोन झिरपून पुढचा पृष्ठभाग मऊ झाला तर कापडाची वीण जशीच्या तशी त्यावर उमटते.

बारीक ब्रश अ‍ॅसिटोनमध्ये नुसता ओला करा आणि खाचेतून फिरवा. अर्ध्या मिनिटात कडा तुकतुकीत दिसायला लागतात. तेव्हाच पेस्टचा पहिला थर भरा. थर पातळ हवेत, कारण अ‍ॅसिटोन उडालं की पेस्ट आक्रसते आणि जाड थरात पोकळ्या राहतात. खाच भरली की वर पातळ फायबरग्लासच्या कापडाची पट्टी पेस्टमध्ये भिजवून बसवा, चिरेच्या दोन्ही बाजूंना निदान २ सेंटिमीटर जाईल अशी. त्यावर आणखी एक हात पेस्ट. वाळायला घाई नको. वरून तासाभरात कडक लागतं, आत मात्र अजून ओलं असतं. एक दिवसाने पुढचं काम, आणि घासायला दोन-तीन दिवसांनी घ्या. सँडपेपरवर चुऱ्याऐवजी गोळ्या जमायला लागल्या तर आत अजून ओल आहे, थांबा.

सुरक्षेचं आत्ताच सांगते. अ‍ॅसिटोनची वाफ जमिनीलगत पसरते आणि ते शून्याखाली वीस अंशांनासुद्धा पेट घेऊ शकतं. अमेरिकेतल्या बऱ्याच गॅरेजांत गॅसचा वॉटर हीटर असतो आणि त्यात सतत जळणारी ज्योत असू शकते. त्यामुळे हे काम गॅरेजचं दार उघडं ठेवून नाही, तर गॅरेजच्या बाहेरच करा. नेहमीचे नायट्राइलचे हातमोजे अ‍ॅसिटोनपुढे फार टिकत नाहीत, ब्युटाइल रबरचे घ्या.

पॉलिप्रॉपिलीनला उष्णताच लागते

इथे कुठलंही अ‍ॅसिटोन, सुपरग्लू किंवा साधं इपॉक्सी उपयोगाचं नाही, ते वरून साल निघावी तसं सुटून येतं. चपट्या टोकाचा आणि तापमान ठरवता येणारा सोल्डरिंग आयर्न घ्या आणि २५० अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू करा. प्लास्टिक वितळायला हवं, पण धूर येता कामा नये. मागून खाच काढा, कडा एकमेकींत वितळवा, मग स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीची पट्टी उष्णतेने आत बुडवा आणि वरून पॉलिप्रॉपिलीनची काडी वितळवून झाका. भरायची काडी पॉलिप्रॉपिलीनचीच हवी. वायर बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या वितळवून भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्या नायलॉनच्या असतात, पॉलिप्रॉपिलीनशी त्यांचं जमत नाही. आयर्न वापरायचा त्या दिवशी अ‍ॅसिटोनची बरणी त्या जागी आणूच नका.

स्क्रूचं भोक

तडा पडला कुठून, हे बघितल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण होत नाही. दहापैकी नऊ तडे स्क्रूच्या भोकापाशी सुरू झालेले दिसतील. एबीएसचा १ मीटर लांबीचा भाग तापमान ४० अंशांनी वाढलं की साधारण ३ मिलिमीटर लांबतो. त्याच्यामागचं पोलाद जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतं. स्क्रू आवळून बसवलेला असेल तर उरलेल्या अडीच मिलिमीटरना जायला जागा नसते. उन्हात उभी राहणारी काळी ग्रिल हा ताण रोज सोसते.

म्हणून तुटलेला कान पेस्ट आणि फायबरग्लासने पुन्हा उभा केल्यावर भोक स्क्रूपेक्षा निदान १ मिलिमीटर मोठं पाडा. फक्त मधलं भोक नेमकं ठेवा, टोकांकडची लांबट करा, म्हणजे भाग मध्यापासून दोन्हीकडे सरकू शकेल. स्क्रूच्या डोक्याखाली रुंद वॉशर घाला. ज्या पत्र्यावर भाग बसतो तो कंस (ब्रॅकेट) वाकलेला आहे का तेही पाहा, वाकडा असेल तर तो आधी सरळ करा. बसवताना सगळे स्क्रू आधी सैल लावा, मग मधून बाहेर जात हाताच्या स्क्रूड्रायव्हरने फक्त टेकेपर्यंत फिरवा. इथे बॅटरीचा ड्रिल नको.

पुढची बाजू

पुढून उथळ खाच, एक थर पेस्ट, मग १८०, ३२० आणि शेवटी ६०० नंबरचा कागद पाण्यासह. ग्रिलसारख्या गुळगुळीत भागाला एवढं पुरतं. दाणेदार पॅनेलवर मात्र घासलेली जागा टक्कल पडल्यासारखी दिसते. त्यासाठी त्याच पॅनेलच्या चांगल्या भागावरून साचे करायच्या सिलिकॉनचा छाप घ्या. पेस्टचा शेवटचा पातळ थर बोटाला चिकटेनासा झाला, पण नखाने दबतो, अशा वेळी छाप दाबा आणि सरळ वर उचला. आधी टाकाऊ तुकड्यावर वेळ जमवून बघा. पॉलिप्रॉपिलीनवर हे जमत नाही, तिथे गरम आयर्नने दाणा जमेल तितका उठवायचा.

रंगाचे फवारे धुक्यासारखे हलके मारा. जाड ओला थर दिला तर त्यातलं सॉल्व्हंट जुन्या एबीएसवर बारीक जाळी पाडतं. पॉलिप्रॉपिलीनला आधी अ‍ॅडहिजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) लागतोच, आणि डब्यावर दिलेल्या वेळेच्या आत त्यावर रंग चढवा. क्रोमचा मुलामा असलेल्या प्लास्टिकची फक्त मागची बाजू घरी सांधता येते, तीही तिथला मुलामा घासून काढल्यावर. पुढचा चकचकीतपणा घरी परत येत नाही. डॅशबोर्डचं पॅड म्हणजे फोमवर चढवलेलं व्हिनाइल. ते या पद्धतीने दुरुस्त होत नाही.

उरलेली पेस्ट फेकू नका. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, ज्वालेपासून लांब ठेवली तर महिनोन्‌महिने टिकते, दाटली तर थोडं अ‍ॅसिटोन घालून पुन्हा सैल होते. बरणीवर 'एबीएस, काळा' अशी चिठ्ठी लावा. वापरलेली फडकी चुरगाळून टाकू नका, बाहेर मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळू द्या आणि मगच कचऱ्यात घाला.