कोंबडीला पिसवा झाल्यात? निम्मं औषध तिला, निम्मं खुराड्याला

पावसाळ्यात हे हमखास होतं. कोंबडी मान आखडून कोपऱ्यात बसते, तुरा पार फिका पडतो, अंडी बंद, हातात घेतली की छातीचं हाड टोचतं, आणि घरातले म्हणतात गारठा बाधला असेल. खरं म्हणजे सगळीकडे चिखल, कोरडी माती नाही, मग ती लोळणार कुठं, आणि लोळली नाही की पिसवा, म्हणजे रक्त पिणारे बारीक माइट, झडत नाहीत. त्यात खुडूक बसलेली असेल तर विचारूच नका, 21 दिवस एकाच टोपलीत, दिवसातून जेमतेम एकदा उठणार, पिसवांची चंगळ. खुडूक कोंबडी अंडी अर्धवट टाकून उठली तर तिला शिव्या घालण्याआधी टोपली उलटी करून बघा.

आधी पिसवाच आहेत का ते नक्की करा. लाल पिसवा दिवसा कोंबडीच्या अंगावर सहसा सापडत नाहीत, त्या खुराड्याच्या फटीत, बांबूच्या पेऱ्यात, टोपलीच्या विणीत लपून बसतात आणि अंधार पडला की वर चढून रक्त पितात. म्हणून रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन जा आणि कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूवर पांढरं फडकं जोरात घासा, लाल-तपकिरी रेघा उमटल्या की समजून जा. खसखशीएवढ्या असतात, रक्त प्यायच्या आधी करड्या, प्याल्यावर लाल. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायला का-कू करायला लागल्या, पेरूच्या झाडावर जाऊन बसायला लागल्या, तरी शंका घ्यायची. दुसरी एक जात रात्रंदिवस अंगावरच राहते, तिच्यासाठी शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा, शी करायच्या जागेभोवती पिसं काळपट मळकट आणि कातडीवर खपल्या दिसतात. पिवळट, भराभर पळणाऱ्या दिसल्या तर त्या उवा, त्यांनाही उपाय जवळपास हाच.

पण एक लक्षात ठेवा, एकदम दोन-चार कोंबड्या झोपल्या, हिरवट पातळ शी, मान वाकडी, तोंड उघडून श्वास, असं असेल तर पिसवा बघत बसू नका, ती मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकते, सरळ जनावरांच्या डॉक्टरला गाठा नाहीतर 1962 ला, म्हणजे जनावरांच्या उपचारासाठीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

आता आजारी कोंबडी. तिला वेगळी काढा, पुठ्ठ्याचा खोका किंवा डालं चालेल, खाली वर्तमानपत्र, जागा कोरडी आणि उबदार. वर्तमानपत्रच घाला, पेंढा नको, कागद रोज बदलून जाळता येतो आणि त्यावर पिसवा पडलेल्या दिसतातही. रक्त कमी झालेलं असतं, म्हणून पाणी आणि खाणं लगेच सुरू करा. पाण्यात इलेक्ट्रॉल नाहीतर थोडा गूळ, खायला उकडलेलं अंडं कुस्करून, शेवग्याचा पाला बारीक चिरून, भिजवलेली कणी, जमलं तर चमचाभर शिजवलेली कलेजी. सुकट घालत असाल तर दोन-तीनदा धुऊन मीठ काढून, कोंबडीला मीठ सोसत नाही. चोच उघडून जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं, चोचीच्या कडेला थेंब लावा, ती आपणहून गिळते.

औषधाची पावडर असेल, म्हणजे डॉक्टरने दिलेली परमेथ्रिनची वगैरे, तर पातळ फडक्यात पुरचुंडी बांधा, कोंबडी मांडीवर घ्या आणि पंखाखाली, शेपटीखाली, मानेच्या मागे, मांडीच्या आतल्या बाजूला थोपटत पिसांच्या बुडाशी पोचवा. डोळे आणि नाकपुड्या सोडून. अशक्त कोंबडीला पाय धरून उलटी लटकवू नका, बाजारात करतात म्हणून आपण करायचं असं काही नाही. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन तिच्यापासून लांब, मांजराला ते विषच. आणि पावसाळी गारव्यात अशक्त कोंबडीला आंघोळ तर अजिबात घालू नका.

कुत्र्याच्या गोचिडाचं औषध उरलंय म्हणून ते कोंबडीला लावणारे लोक आहेत, कृपा करून नको. त्यातल्या बऱ्याच औषधांत फिप्रोनिल असतं, ते अंड्यात उतरतं, 2017 मध्ये युरोपात याच लाल पिसवांसाठी फिप्रोनिल वापरलं म्हणून लाखो अंडी फेकून द्यावी लागली होती. जुनी माणसं बीएचसी पावडर (जुनं कीटकनाशक) सांगतात, तिच्यावर आपल्याकडे कधीच बंदी आलीय. टोपलीत डांबरगोळ्या टाकणंही बंद करा. आयव्हरमेक्टिन वगैरे डॉक्टरला विचारूनच, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत हेही त्यालाच विचारा.

पण हे सगळं करून कोंबडी परत त्याच खुराड्यात कोंडली तर काय उपयोग, चार रात्रींत पुन्हा तेच. खुराडं दिवसा उघडं टाकून सगळ्या कोंबड्या बाहेर काढा, पेंढा-भुसा तिथंच न झटकता पोत्यात भरून लांब नेऊन जाळा, मग फटीफटीत उकळतं पाणी. दगडी नाहीतर पत्र्याचं खुराडं असेल तर ब्लो लॅम्प फिरवा, लाकडाला जपून, शेजारी पाण्याची बादली. बांबूची दांडी मात्र मी तर म्हणेन फेकूनच द्या, पेरात आणि चिरांत इतक्या भरलेल्या असतात की आदळली की खाली लाल भुकटी पडते आणि ती भुकटी चालायला लागते. त्याजागी रंधा मारलेली लाकडी पट्टी, भिंतीला न टेकता, पट्टीचे पाय जुन्या इंजिन ऑइलच्या डब्यात. फटी शेणमातीने नाहीतर सिमेंटने बुजवा, वरून चुना, पण चुना पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या आत नाहीत. हे करताना तुमच्या अंगावर पिसवा चढून चावतील, खाज सुटेल, पण त्या माणसावर टिकत नाहीत, कपडे गरम पाण्यात टाका आणि आंघोळ करा.

आठवड्याभराने हे सगळं परत, कोंबडीला पावडर आणि खुराड्याला पाणी. कंटाळा येतो, माहितीये, पण पिसवांची अंडी पहिल्या फेरीत मरत नाहीत आणि उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत नवीन पिढी तयार असते. खुराडं महिनाभर रिकामं ठेवलं की उपाशी मरतील असंही नाही, त्या रक्ताशिवाय कित्येक महिने काढू शकतात.

पडवीत जुन्या टायरमध्ये किंवा घमेल्यात कोरडी माती, वाळू आणि चुलीची चाळलेली राख ठेवा, पावसाळाभर. राख पूर्ण गार झालेली, आणि प्लास्टिक जाळलेल्या चुलीची नको. अंडी घालायच्या टोपलीत निर्गुडीचा पाला घालतात, घाला, पण फक्त त्याच्यावर भिस्त नको.

पायाची खवलं वर उचलली गेली असतील, पाय जाड खडबडीत, तर ती वेगळी पिसू, खवल्याच्या आत राहते. कोमट पाण्यात पाय भिजवून जुन्या टूथब्रशने हलकं घासा, वाळवून व्हॅसलीन किंवा करंजेल चोपडा, एक दिवसाआड, काही आठवडे. खवलं ओढून काढू नका, रक्त येतं.

तुरा लाल व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, अंडी त्याहून उशिरा, घाई करू नका. बरी झाली की रात्री, बाकीच्या झोपल्यावर, दांडीवर नेऊन बसवा, दिवसा सोडली तर चोची मारून हैराण करतात. आणि बाजारातून नवीन कोंबडी आणाल ती दोन आठवडे वेगळीच ठेवा.